माडावरून पडलेला पाडेली आणि ‘अननॅचरल’ हा शब्द: एक प्रकरण

पार्श्वभूमी

२०२४ च्या पावसाळ्यात गोव्यातल्या एका मराठी दैनिकाच्या तालुका पानावर एकस्तंभी बातमी आली. मथळा होता, ‘पाडेल्याचा अनैसर्गिक मृत्यू’. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. खाली जेमतेम पाच ओळी. गावाचं, घराचं आणि दैनिकाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही, ओळख पटेल असे किरकोळ तपशीलही बदलले आहेत.

घटना साधी होती आणि म्हणूनच जास्त वाईट. पेडणे तालुक्यातला पन्नाशी ओलांडलेला एक पाडेली सकाळी एका भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, नारळ पाडायला चढला. रात्रभर पाऊस पडून गेला होता. खोडावर शेवाळ होतं आणि चढण्यासाठी पाडलेल्या खाचांत पाणी साचलेलं होतं. झावळ्यांपर्यंत पोहोचता पोहोचता पाय सुटला आणि तो सुमारे ४० फुटांवरून खाली आला. आधी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, तिथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, नेलं. संध्याकाळी तो गेला. पोलिसांनी पंचनामा केला, शवचिकित्सा झाली, दुसऱ्या दिवशी मृतदेह घरी आला.

पोलिसांची टिपण इंग्रजीत होती, नऊ ओळींची. या प्रकरणापुरत्या तिच्यातल्या शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या. पहिलीत म्हटलं होतं की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली ‘अननॅचरल डेथ’ची नोंद केली आहे. दुसरीत म्हटलं होतं की घातपाताचा संशय नाही.

रात्री सव्वादहाला टिपण उपसंपादकाच्या हातात आली. संपादकीय कक्षाच्या शब्दसूचीत ‘अननॅचरल डेथ: अनैसर्गिक मृत्यू, कलम १७४’ अशी नोंद होती. १ जुलै २०२४ पासून कायदा बदलल्याचं लक्षात असल्यामुळे कलमाचा आकडा त्याने नीट बदलला. शब्द मात्र तसाच राहिला, कारण शब्द जुना झालाय असं कोणी सांगितलेलं नव्हतं. पान लावताना बातमी दोन ओळींनी लांब भरली. बातमी नेहमी खालून कापतात, तशी ती कापली गेली आणि ‘घातपाताचा संशय नाही’ हे वाक्य गेलं. वरच्या मजकुरातली सर्वात नाट्यमय गोष्ट आता ‘अनैसर्गिक’ हीच उरली होती, म्हणून मथळ्यात तीच चढली.

अडचण

तिसऱ्या दिवशी मृताचा मुलगा आणि मुलाचा चुलता कात्रण घेऊन कार्यालयात आले. चुलता मराठी वाचतो, बोलतो कोंकणी. त्याने कात्रण टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “भाव माडार चडलो, पडलो आनी गेलो. हातूंत अनैसर्गिक कितें?” म्हणजे, यात अनैसर्गिक ते काय?

बोलता बोलता कळलं की गावाने त्या एका शब्दाचे तीन अर्थ लावले होते. तरुण पोरांच्या व्हॉट्सॲप गटात कात्रण फिरलं आणि त्याखाली घाणेरडे शेरे आले, कारण पंधराच दिवसांपूर्वी त्याच पानावर एका लैंगिक गुन्ह्याच्या बातमीत ‘अनैसर्गिक अत्याचार’ असा मथळा होता. दुसऱ्या काहींनी घातपाताचा अर्थ काढला आणि भाटकाराशी, म्हणजे बागेच्या मालकाशी, मजुरीवरून झालेली जुनी बाचाबाची उकरून काढली. वयस्कर मंडळींच्या मते भाटाच्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या दैवताला, नारळ न ठेवता चढल्याचं हे फळ होतं. पेपरनेही ‘अनैसर्गिक’ म्हटलंय म्हणजे काहीतरी असणारच. घरच्या बायकांची काळजी आणखी वेगळी होती. हे दुर्मरण धरायचं का, नारायणबळी करावा लागेल का, हे त्यांनी भटजींना विचारायला घेतलं होतं.

मुलाची मागणी एकाच ओळीची होती: “साहेब, उद्याच्या अंकात छापा की मृत्यू नैसर्गिक होता.”

प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. ही मागणी मान्य केली असती तर घराचंच नुकसान झालं असतं, आणि ते टेबलाभोवती बसलेल्या कोणाच्याही पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं नव्हतं.

शब्दाचा तपास

इंग्रजी ‘नेचर’ लॅटिनमधून आला आहे आणि त्याच्या मुळाशी जन्माचा अर्थ आहे. गोव्यात जुनी पोर्तुगीज कागदपत्रं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ‘नातुराल द मापुसा’ म्हणजे म्हापशात जन्मलेला; त्याचा झाडापेडांशी संबंध नाही. आपला ‘निसर्ग’ सृज् धातूवरून आला. सोडणं, निर्माण करणं, त्यावरून सृष्टी आणि स्वभाव. संस्कृतात ‘निसर्गतः’ म्हणजे स्वभावतः. आजच्या मराठीत मात्र हा स्वभावाचा अर्थ मागे पडला आहे. ‘निसर्ग’ म्हटलं की डोंगर, पाऊस, दूधसागर. त्यामुळे ‘अननॅचरल’ला सरसकट ‘अनैसर्गिक’ लावलं की अर्धा अर्थ वाटेतच गळतो, आणि जो पोहोचतो तो भलताच असतो.

इंग्रजीत हा शब्द निदान पाच कामं करतो. दर वेळी तो वेगळी गोष्ट नाकारत असतो.

‘अननॅचरल स्माइल’मध्ये सहजता नाकारली आहे. मराठीत ते ओढूनताणून आणलेलं हसू. ‘अननॅचरल सायलेन्स’ म्हणजे नेहमी गजबजलेल्या जागी पसरलेली, खटकणारी शांतता. तिथे ‘अस्वाभाविक’ चालतं, ‘अनैसर्गिक शांतता’ कानाला लागते. ‘अननॅचरल मदर’मध्ये रक्ताची माया नाकारली आहे. एका जुन्या भाषांतरात याचं ‘सावत्र आई’ झालेलं कक्षातल्याच फायलीत सापडलं, म्हणजे अर्थ बरोबर उलटा, कारण ती जन्मदातीच असते आणि तरी पोटच्या पोरावर उलटलेली असते. जन्माचा अर्थ मुळात असल्यामुळे इंग्रजीला हे एका विशेषणात साधतं, मराठीला वाक्य लागतं. आणि ‘नॉट अननॅचरल’ हा दुहेरी नकार तर बहुतेक वेळा नुसतं ‘साहजिकच’ असतो. ‘त्यांना राग येणं अनैसर्गिक नव्हतं’ असं मराठी माणूस कधी बोलत नाही, छापून मात्र रोज येतं.

चौथं काम कायद्याचं. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ ‘अननॅचरल ऑफेन्सेस’ या शीर्षकाखाली होतं आणि त्यात सृष्टिक्रमाविरुद्धच्या शरीरसंबंधाची भाषा होती. मराठी बातम्यांत ‘अनैसर्गिक’ला जो किळसवाणा वास चिकटला तो इथूनच. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं हे कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्याला या शब्दाची गरज नाही. तरी मथळ्यात ‘अनैसर्गिक अत्याचार’ सवयीने येत राहतं. अत्याचाराला ‘लैंगिक अत्याचार’ पुरेसं आहे. त्यापुढे ‘अनैसर्गिक’ जोडल्याने माहिती वाढत नाही, फक्त चघळायला एक शब्द मिळतो.

पाचवं काम मृत्यूचं, म्हणजे आपल्या प्रकरणाचं. ‘अननॅचरल डेथ’मध्ये निसर्ग, सहजता, माया, शील यांपैकी काहीच नाकारलेलं नाही. नाकारलंय ते एवढंच: मृत्यू आजाराने किंवा वार्धक्याने, म्हणजे शरीराच्या आतून, आलेला नाही. बाहेरून काहीतरी घडलं. पडणं, बुडणं, भाजणं, साप चावणं, विजेचा धक्का, आत्महत्या, खून, सगळं या एकाच टोपलीत पडतं. ही टोपली म्हणजे निष्कर्ष नव्हे. चौकशी सुरू करण्यासाठी केलेली ती वर्गवारी आहे.

गंमत म्हणजे कलम १९४ च्या मूळ वाक्यात ‘अननॅचरल’ हा शब्द येतच नाही. आत्महत्या, दुसऱ्याकडून, प्राण्याकडून, यंत्राने किंवा अपघाताने आलेला मृत्यू, किंवा गुन्ह्याचा वाजवी संशय यावा अशा परिस्थितीतला मृत्यू, अशी ती यादी आहे. खबर मिळताच ठाणे अंमलदाराने कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं, जागेवर जायचं, शेजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर पंचनामा करायचा, जखमांचं वर्णन लिहायचं आणि अहवाल २४ तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे धाडायचा. पोलिसांच्या रोजच्या बोलण्यात या सगळ्याला ‘यूडी केस’ म्हणतात. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्यातही ‘अननॅचरल’ असा रकाना नसतो. तिथे नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, खून आणि तपास प्रलंबित असे पर्याय असतात. म्हणजे कायदा आणि डॉक्टर दोघेही नेमकं कारण लिहितात. एका विशेषणात सगळं कोंबतो तो आपल्या बातमीचा मथळा.

आणखी एक गुंता पावसाळ्यातच कळतो. शेतात वीज पडून माणूस गेला तर शासनाच्या भाषेत ती ‘नैसर्गिक आपत्ती’, आणि पोलिसांच्या नोंदीत तोच मृत्यू ‘अनैसर्गिक’. एकाच बातमीत दोन्ही शब्द आले की वाचक पेपर खाली ठेवतो.

पर्याय

कक्षात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले होते. या कुटुंबासाठी उद्या काय छापायचं, आणि यापुढे शब्द कोणता वापरायचा. वृत्तसंपादकाने ते सुटे केले. हा पहिला योग्य निर्णय.

पहिल्या प्रश्नाला तीन वाटा होत्या. गप्प राहणं, कारण बातमी तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हती. मागितल्याप्रमाणे ‘नैसर्गिक’ छापणं. किंवा काय घडलं ते सांगणारी नवी बातमी देणं.

दुसऱ्या वाटेकडे कल होता, माणुसकी म्हणून. तेवढ्यात विम्याचा विषय निघाला. मृताचं बँकेत खातं होतं आणि वर्षाला २० रुपये कापले जाणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्याने घेतली होती. अपघाती मृत्यूला तिच्यात २ लाख रुपये मिळतात. आजाराने आलेल्या मृत्यूला काही नाही. आत्महत्येलाही नाही. ‘मृत्यू नैसर्गिक होता’ हे वाक्य म्हणजे ‘अपघात झाला नाही’ हे वाक्य. पेपरच्या कात्रणावर दावा ठरत नाही हे खरं, पण घरच्यांनी तोच शब्द धरून बँकेच्या अर्जात किंवा पंचायतीत ‘नैसर्गिक’ लिहून दिलं असतं तर गुंता वाढला असता. शिवाय ते वाक्य सरळ खोटं ठरलं असतं. ४० फुटांवरून पडून आलेला मृत्यू कोणत्याही व्याख्येने नैसर्गिक नाही.

हे मुलाला समजावताना ‘अनैसर्गिक’चा बचाव करायचा मोह टाळला गेला. त्याला एवढंच विचारलं, “बाबा आजारी होते का?” तो म्हणाला, “ना, घट्टमुट्ट होते.” “मग आजाराने गेले नाहीत, पडून गेले. पोलिसांच्या वहीत एवढंच लिहिलंय.” शब्दाचा अर्थ शब्दकोशातून सांगितला असता तर बैठक तासभर चालली असती.

दुसरा प्रश्न, शब्दाचा, जास्त वेळ खाऊन गेला. उमेदवार असे होते:

महाराष्ट्रात पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद करतात आणि तिथली दैनिकं तोच शब्द छापतात. ऐकायला सौम्य, रुळलेला, कोणाची बदनामी नाही. पण अकस्मात म्हणजे अचानक. झोपेत हृदयविकाराने गेलेला अकस्मात जातो आणि तरी नैसर्गिक जातो. उलट दीर्घ नैराश्यानंतरची आत्महत्या अकस्मात नसतेही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० मध्ये गावच्या अधिकाऱ्याने कळवायच्या गोष्टींत ‘सडन’ आणि ‘अननॅचरल’ हे दोन शब्द मध्ये ‘किंवा’ घालून आले होते, म्हणजे कायद्यालाही ते दोन वेगळे आहेत हे ठाऊक होतं. शिवाय गोव्यातल्या पोलीस टिपणीत हा शब्द नसल्याने वाचकाला वाटेल की नोंदच वेगळी आहे.

‘अपमृत्यू’ आणि ‘दुर्मरण’ हे अर्थाने सर्वात जवळचे, अस्सल मराठी. पण दोन्ही शब्द सोबत विधी घेऊन येतात. दुर्मरण छापलं की घरातल्या बायका भटजींकडे निघाल्याच समजा.

‘संशयास्पद मृत्यू’ इथे चूकच, कारण संशय नाही असं टिपणीत लिहिलेलं होतं.

‘अपघाती मृत्यू’ या घटनेपुरता अचूक. सगळीकडे वापरता येत नाही, कारण विहिरीत सापडलेला मृतदेह अपघाताचा की आणखी कशाचा, हे त्या रात्री कोणालाच ठाऊक नसतं आणि ते ठरवणं उपसंपादकाचं काम नाही.

‘अस्वाभाविक मृत्यू’ बराच पुढे गेला होता. त्याला लैंगिक वास नाही, विधी नाही. पण कोणी म्हणालं, माणसाचा स्वभाव कसा होता याच्याशी लोक त्याचा संबंध जोडतील, आणि ते खोटं नव्हतं.

काय केलं

कुटुंबासाठी चौथ्या दिवशी नवी बातमी दिली, तितक्याच जागेत आणि त्याच पानावर. मथळा: ‘माडावरून पडून पाडेल्याचा मृत्यू; घातपाताचा संशय नाही’. आत पोलिसांची नोंद, शेवाळ, उंची, इस्पितळं, आणि एक खुलाशाचं वाक्य: ‘आजार किंवा वार्धक्य वगळता अन्य कारणाने आलेल्या प्रत्येक मृत्यूची पोलीस अनैसर्गिक मृत्यू म्हणून नोंद करतात; त्यातून गुन्हा सूचित होत नाही.’ दिलगिरी मथळ्याबद्दल होती, नोंदीबद्दल नव्हती. हा फरक राखायला दोन मसुदे लागले. पहिल्या मसुद्यात ‘अनैसर्गिक असे चुकून छापले गेले’ असं होतं. ते तसंच गेलं असतं तर पोलिसांचीच नोंद चुकीची आहे असं दिसलं असतं.

विम्याबाबत कक्षाने सल्ला दिला नाही, फक्त बँकेत लवकर जायला सांगितलं आणि एक गोष्ट निदर्शनास आणली. या योजनेच्या नियमांत बुडणं किंवा वाहन अपघात यांना पोलिसांकडची नोंद लागते. सर्पदंश आणि झाडावरून पडणं यांची उदाहरणं वेगळी दिलेली आहेत आणि त्यांना तातडीच्या इस्पितळ नोंदीचा आधार पुरतो. झाडावरून पडणं शब्दशः लिहिलंय. म्हापशाच्या इस्पितळातला पहिला केसपेपर मुलाच्या खिशात घडी घालून ठेवलेला होता, पाण्याने शाई पसरलेला. तो कागद पंचनाम्याइतकाच मोलाचा आहे हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

शब्दसूची बदलली. ‘अननॅचरल’समोर एक शब्द ठेवण्याऐवजी आता एक प्रश्न ठेवला आहे: इथे नेमकं काय नाकारलंय? खाली नोंदी. सहजता असेल तर ओढूनताणून, कृत्रिम. नेहमीची स्थिती असेल तर अस्वाभाविक, खटकणारं. रक्ताचं नातं असेल तर वाक्य फोडून लिहा. दुहेरी नकार असेल तर साहजिकच. लैंगिक गुन्हा असेल तर शब्द गाळा, कलम द्या. भुताखेताचं, देवचाराचं काही असेल तर मुळात इंग्रजी शब्द दुसरा असतो, ‘सुपरनॅचरल’, त्याला अतिमानवी किंवा दैवी. आणि मृत्यू असेल तर मथळ्यात घटना लिहा, वर्गवारी नको: बुडून, पडून, विजेच्या धक्क्याने. ‘अनैसर्गिक मृत्यू’ फक्त आतल्या मजकुरात, पोलिसांच्या नोंदीचं नाव म्हणून. घातपाताबद्दल पोलिसांनी म्हटलेलं वाक्य दुसऱ्या परिच्छेदाच्या खाली जाऊ द्यायचं नाही, म्हणजे कापाकापीत ते पडत नाही.

परिणाम

भटजींनी काय सांगितलं ते घरच्यांनी घरातच ठेवलं. भाटकाराबद्दलची कुजबुज नव्या बातमीनंतर ओसरली. विम्याचे कागद बँकेने स्वीकारले.

कक्षात सूची पाळली जाते, पण सारखी नाही. मथळ्यात क्रियापद घालायचं म्हणजे अक्षरं वाढतात. ‘विहिरीत बुडून वृद्धेचा मृत्यू’ एकस्तंभात बसवायला दोन ओळी लागतात, ‘वृद्धेचा अनैसर्गिक मृत्यू’ दीड ओळीत बसतो. रात्री अकरानंतर दीड ओळच जिंकते असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा पान लावणाऱ्यांनाही सूची दिली गेली. ती आधी फक्त भाषांतर करणाऱ्यांकडे होती, हा मूळ आराखड्यातलाच दोष.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री बातमीदाराला एक फोन पुरला असता, आणि विचारायचं होतं एवढंच की आत्ता मथळ्यात लिहिता येईल असं निश्चित काय आहे. पडणं निश्चित होतं. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, इस्पितळाने, सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. निश्चित गोष्ट हाताशी असताना वर्गवारीचा शब्द वर चढवायची गरज नव्हती.

कलमाचा आकडा बदलण्याच्या निमित्ताने त्या रात्री सूची उघडलीच होती. त्याच वेळी कलम ३७७ गेल्याने ‘अनैसर्गिक’च्या शेजारची नोंदही पाहायला हवी होती. कायदा बदलला की आपण आकडे बदलतो आणि शब्द आहेत तसेच ठेवतो.

खुलासा चौथ्या दिवशी आला, तो दुसऱ्या दिवशीच देता आला असता. कुटुंब येण्याआधी वार्ताहराला गावातली कुजबुज कळली होती, पण त्याने ती कक्षाला सांगितली नाही. विचारल्यावर म्हणाला, बातमी तर बरोबर होती.

आणि संकेतस्थळावरचा मथळा दुरुस्त झाला, पण व्हॉट्सॲपवर फिरत होता तो छापील कात्रणाचा फोटो. त्याला दुरुस्ती लागत नाही. नवी बातमी कात्रणाच्याच आकारात, मथळा ठळक दिसेल असा फोटो करून मुलाला पाठवायला हवी होती, म्हणजे ती त्याच गटात टाकता आली असती. ते सुचलं सहाव्या दिवशी. मुलाने तो फोटो टाकला, खाली काहीच लिहिलं नाही.